कारंज्यातील नाणी आणि माहेरचे दार

परदेशी गेलेली स्त्री आणि तिथे तिला भेटलेले प्रेम, हा विषय १९५० नंतरच्या काही वर्षांत हॉलिवुडच्या फार मनात भरला होता. १९५३ साली 'रोमन हॉलिडे' आला. त्यातील राजकन्या रोमच्या रस्त्यांवर थोडा वेळ मोकळेपणाने हिंडते, प्रेमात पडते आणि कर्तव्य ओळखून राजवाड्यात परतते. १९५५ साली आलेल्या 'समरटाइम'मध्ये व्हेनिस पाहायला आलेल्या एका प्रौढ अमेरिकन कुमारिकेला प्रेम मिळते, पण तो गृहस्थ विवाहित निघतो आणि शेवटी ती आगगाडीत बसून निघून जाते. या दोहोंच्या मध्ये, १९५४ साली, 'थ्री कॉइन्स इन द फाउंटन' हा चित्रपट येऊन गेला. पहिल्या दोन चित्रपटांतील नायिका शेवटी आपल्या घरची वाट धरतात. या तिसऱ्या चित्रपटात नायिका तीन आहेत, आणि तिघींचेही परतणे राहून जाते. आमचे कुतूहल नेमके येथेच जागे झाले. कारण आम्हीही तिघी आहोत आणि आम्हीही परतलो नाही.

आम्ही सख्ख्या जावा. थोरली वाईची, १९६६ साली उज्जैनला आली. मधली बेळगावची, १९७१ साली. धाकटी अलिबागची, १९७८ साली. तिघींचे सासर म्हणजे फ्रीगंजातील एकच घर. प्रस्तुत लेख तिघींनी बोलून ठरविला आणि धाकटीने लिहून काढला. तेव्हा यातील 'आम्ही' हे आदरार्थी वा संपादकी नसून मोजून तीन माणसांचे आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे. जाँ नेगुलेस्को यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे चित्रण रोम आणि व्हेनिस येथे, तेव्हा नव्याच असलेल्या सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यासाठी झाले. रंगीत छायालेखन आणि शीर्षकगीत या दोहोंना ऑस्कर पारितोषिके मिळाली. फ्रान्सेस ही एका नामांकित अमेरिकन लेखकाची चिटणीस. पंधरा वर्षे त्याच्यावर मनातल्या मनात प्रेम करीत रोममध्ये राहिलेली. अनिता ही अमेरिकी कचेरीत नोकरीला. ती मायदेशी निघण्याच्या तयारीत. मरिया ही तिच्या जागी नव्याने आलेली. लग्न जमत नाही म्हणून नोकरीच्या निमित्ताने दूर देशी यायचे आणि जमले तर तिथेच जमवायचे, हा हेतू कोणी फारसा लपवीत नाही. रोममध्ये ट्रेव्ही नावाचे एक भव्य कारंजे आहे. निकोला साल्वी या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून १७३२ साली त्याचे काम सुरू झाले आणि १७६२ साली पुरे झाले. त्यात पाठमोरे उभे राहून नाणे टाकले की माणूस रोमला पुन्हा येतो, असा समज आहे. गाण्यात नाणी तीन आहेत. पडद्यावर मात्र नाणे टाकतात दोघीच. अनिता टाकीत नाही, कारण तिला परतायचे आहे. चित्रपट पाहताना ही गोष्ट प्रथम मधलीच्या लक्षात आली आणि तिने चित्र थांबवून ती आम्हांला दाखविली.

पुढे मरिया एका राजकुमाराच्या आवडीनिवडी गुपचूप टिपून घेते आणि त्या आपल्याच आहेत असे भासविते. मन साक्षी राहत नाही तेव्हा ती खरे सांगून टाकते आणि त्याला गमावून बसते. अनिताचे प्रेम कचेरीतील एका गरीब इटालियन दुभाष्यावर. कचेरीचा नियम असा की, अमेरिकन नोकरांनी स्थानिक नोकरांशी सलगी करू नये. नियम मोडला, त्याची शिक्षा म्हणून नोकरी गेली ती त्या दुभाष्याची. फ्रान्सेसला तिचा लेखक लग्नाचे विचारतो खरा, पण त्याच सुमारास त्याला आपल्या असाध्य दुखण्याची बातमी कळते. अखेरीस तिघीजणी कारंज्यापाशी येतात, तर सफाईसाठी ते कोरडे केलेले. तिघींची तोंडे उतरतात. तेवढ्यात पाणी पुन्हा उसळते आणि ज्यांची वाट पाहायची ते येऊन पोचतात. गोष्ट एवढीच. समीक्षक तिला गोड गोळी म्हणतील आणि ते खोटेही नाही.

तथापि गोड गोळीच्या आतही औषध असू शकते. चित्रपट संपल्यावर आम्ही बराच वेळ ज्या गोष्टीविषयी बोललो, ती प्रेमाची नव्हती, नाण्याची होती.

आम्ही मालव्यात आलो त्या काळी देशावरून उज्जैनला येण्याचा नेहमीचा मार्ग भुसावळवरून खांडव्यापर्यंत मोठ्या रुळांचा आणि खांडव्यापासून पुढे छोट्या रुळांचा. सनावद, ओंकारेश्वर रोड, मग नर्मदेचा पूल, पूल ओलांडला की बडवाह. तेथून घाट चढून कालाकुंड, पाताळपाणी, महू आणि इंदूर. मोठ्या रुळांच्या कामासाठी ही छोटी गाडी पुढे बंद झाली. पाताळपाणी ते कालाकुंड एवढा तुकडा सहलीच्या गाडीपुरता उरला. नर्मदेच्या पुलावर गाडी आली की डब्यातील सारी माणसे हात जोडीत आणि खिडकीतून नाणे टाकीत. थोरलीच्या हातात तिच्या सासूबाईंनी दहा पैशांचे नाणे ठेवले होते. मधलीला चार आणे मिळाले. धाकटीच्या वेळी नाणे पुलाच्या लोखंडी पट्टीवर आपटून परत उडाले आणि कुठे पडले ते तिला दिसले नाही. 'काय मागितलेस?' असे तिघींपैकी एकीलाही कोणी विचारले नाही. नर्मदेला मागायचे नसते, नमस्कार करायचा असतो, असे आम्हांला सांगण्यात आले.

रोमचे नाणे परदेशी पुन्हा येता यावे म्हणून टाकायचे असते. आमची नाणी पडली तेव्हा तिघींच्याही मनात एकच इच्छा होती, आणि ती याच्या अगदी उलट होती. आपण आलो त्या बाजूला, म्हणजे नदीच्या दक्षिणेला, लवकर परत जायला मिळावे. हे आम्ही एकमेकींना सांगितले ते मात्र गेल्या हिवाळ्यात, हा चित्रपट पाहिल्यानंतर. एका घरात नांदणाऱ्या जावांना एवढी साधी गोष्ट बोलायला चाळीस-पंचेचाळीस वर्षे लागावीत, यातच त्या काळचे बरेच काही आले.

'परदेश' हा शब्द येथे कोणास अतिशयोक्तीचा वाटेल. उज्जैन हे काही रोम नव्हे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, दौलतरावांनी १८१० साली लष्करात बस्तान हलवीपर्यंत शिंद्यांची राजधानी येथे होती, आणि आपल्यासारख्यांची घराणी त्याच ओघाने या मातीत रुजली, हे या नियतकालिकाच्या वाचकांस आम्ही काय सांगावे! जकात नसलेली पेठ म्हणून 'फ्री'गंज, असे जुनी माणसे सांगत. माधवनगर हे तिचे कागदोपत्रीचे भारदस्त नाव. सासरच्या माणसांना हे सर्व आपले होते. आम्हांला मात्र ते शिकावे लागले. थोरली नवीन असताना शेजारच्या काकूंना तिने काही विचारले. काकू म्हणाल्या, 'मला पत्ता नाही.' या बाई स्वतःच्या घराचा पत्ता कसा विसरल्या, याचे थोरलीला दोन दिवस नवल वाटत होते. इथल्या मराठीत त्याचा अर्थ 'मला ठाऊक नाही' एवढाच, हे तिला मागाहून उमगले. मधलीला बाफले तुपात बुडवून खाताना बेळगावचे झणझणीत पिठले आठवून रडू येई. धाकटीला समुद्र नसलेले गाव ही कल्पनाच सोसत नसे. पहिल्या पावसाळ्यात क्षिप्रेला पूर आला तेव्हा ती रामघाटावर जाऊन तासभर उभी राहिली होती.

आमच्यासारख्या सुना इतक्या दुरून आणण्यामागे एक कारण होते, आणि ते मागे वळून पाहताना आम्हांला अधिक स्पष्ट दिसते. इथल्या घराण्यांना जातीपोटजातीत स्थळे मिळत नसत असे नव्हे. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार येथे ती होतीच. पण दर पिढीला एखादी तरी सून देशावरची वा कोकणातली असावी, असा जुन्या माणसांचा कटाक्ष असे. सुनेच्या ट्रंकेतून घरात ताजी मराठी येई. ओव्या, म्हणी, उखाणे, पदार्थांची नावे, मुलांना निजवतानाचे शब्द, हे सारे तिच्याबरोबर येई आणि हिंदीच्या वाऱ्यात विरळ झालेली घरची भाषा पुन्हा दाट होई. अडीचशे वर्षे या नगरीत मराठी टिकली, तिचे श्रेय आपण ग्रंथालयांना, गणेशोत्सवांना आणि नाट्यमंडळांना देतो. ते योग्यच आहे. पण स्वयंपाकघरात बसलेल्या त्या परक्या मुलींनाही त्यातला वाटा द्यावा. भाषा टिकवायला माणूस लागते, आणि ते माणूस आपले गाव सोडून आलेले असते.

त्या काळी प्रेम शोधायला कोणी निघत नसे, हेही सांगितले पाहिजे. 'मेघदूता'तील यक्ष विरहाने व्याकूळ होऊन मेघाला निरोप सांगतो आणि वाट वाकडी करून उज्जयिनी पाहायला लावतो; पण घरापासून दूर पडलेला तो पुरुष आहे, आणि त्याची पत्नी घरी बसून दिवस मोजते आहे. स्त्रीने स्वतः निघावे, स्वतःच्या मिळकतीवर राहावे आणि मनुष्य निवडावा, हा जो त्या अमेरिकन मुलींचा क्रम आहे तो आमच्या बाबतीत उलटा होता. आधी मनुष्य ठरला, मग गाव कळले, आणि प्रेम मिळाले ते सर्वांत शेवटी. मिळाले, हे येथे नमूद करतो. थोरलीने यजमानांच्या दुखण्याची चार वर्षे रात्री जागून काढली. फ्रान्सेस त्या आजारी लेखकाला सोडून जात नाही, हे पाहताना तिने डोळ्यांना पदर लावला तो चित्रपटातील बाईसाठी नव्हे, हे आम्हां दोघींना न सांगता कळले.

आमच्यावाचून निराळ्या, आपल्या मर्जीने समुद्र ओलांडून गेलेल्या वा आलेल्या तीन स्त्रियांची आठवण या निमित्ताने झाली. तिघींचाही मराठी घरांशी संबंध आहे, आणि एकीचा तर थेट आपल्या मालव्याशी.

पहिली नॅन्सी अ‍ॅन मिलर. अमेरिकेतील सिएटलची ही विशीतील मुलगी. युरोपात तिची आणि इंदूरच्या तुकोजीराव होळकरांची भेट झाली. महाराजांनी तेव्हा गादी सोडलेली होती. इंदूर दरबारातील नर्तकी मुमताज बेगम दरबार सोडून मुंबईस गेली होती. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर तिला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला आणि तिचा आश्रयदाता अब्दुल कादर बावला याचा खून झाला. आरोपींमध्ये इंदूरची माणसे निघाली आणि त्या प्रकरणाच्या गदारोळात १९२६ साली महाराजांनी पदत्याग केला. अशा माणसाच्या प्रेमाखातर नॅन्सी हिंदुस्थानात आली. नाशिक येथे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या पुढाकाराने तिला हिंदू धर्माची दीक्षा मिळाली, तिचे नाव शर्मिष्ठादेवी झाले, आणि १७ मार्च १९२८ रोजी लग्न लागले ते बडवाह येथे. म्हणजे आमची नाणी जिथे पडली त्याच नर्मदेच्या काठी! हे नावही विचार करण्याजोगे आहे. महाराजांच्या घरी आधीच्या राण्या होत्या. ययातीच्या कथेतील शर्मिष्ठा ही मागून आलेलीच. तरीही ही बाई पळून गेली नाही. तिला चार मुली झाल्या, नऊवारी नेसून ती मराठी घरात मिसळली आणि इंदूरचीच होऊन राहिली. एकाच दरबाराच्या दारातून एक स्त्री बाहेर पडू पाहत होती तेव्हा रक्त सांडले, आणि तीनच वर्षांनी दुसरी त्याच माणसासाठी सातासमुद्रांपलीकडून आत आली. आत येणाऱ्या स्त्रीला सनई-चौघडे असतात. दाराची खरी परीक्षा बाहेर पडणारीच्या वेळी होते.

दुसरी सावित्रीबाई खानोलकर. मूळची ईव्ह इव्हॉन. जन्म १९१३ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे, वडील हंगेरियन, आई रशियन. सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेणारे विक्रम खानोलकर सुटीत शामोनी येथे गेले असता १९२९ साली त्यांची भेट झाली. मुलगी तेव्हा सोळा वर्षांची. विरोधाला न जुमानता तिने हिंदुस्थान गाठले आणि १९३२ साली लखनौ येथे हिंदू पद्धतीने लग्न केले. तिने मराठी, हिंदी आणि संस्कृत या भाषा शिकून घेतल्या, पुराणे वाचली, महाराष्ट्रातील संतांवर पुस्तक लिहिले. स्वतंत्र भारताला सर्वोच्च शौर्यपदक हवे होते, तेव्हा परमवीर चक्राची आकृती तिने रेखाटली. दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडलेले इंद्राचे वज्र तिने त्यात चार दिशांना बसविले. २६ जानेवारी १९५० रोजी ते पदक रूढ झाले, आणि पहिले पदक ज्यांना मरणोत्तर मिळाले ते मेजर सोमनाथ शर्मा तिच्याच जावयाचे बंधू होते. १९५२ साली पती वारले. ती परत गेली नाही. मरियाने राजकुमाराच्या आवडी पाठ केल्या आणि त्या आपल्या असल्याचा देखावा केला. सावित्रीबाईंनी नवऱ्याचा देश खरोखरच आपलासा केला. पाठांतर आणि आत्मसात करणे यांत एवढे अंतर असते.

तिसरी मात्र इथून तिकडे गेलेली: शकुंतला परांजपे. रँग्लर परांजप्यांची ही मुलगी केंब्रिजला गणित शिकली, नंतर जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत नोकरीला राहिली. यूरा स्लेप्टझॉफ या रशियन चित्रकाराशी तिने लग्न केले. १९३८ साली मुलगी झाली. तीच पुढे सई परांजपे म्हणून सर्वांना माहीत झाली. लग्न टिकले नाही. शकुंतलाबाई लहानग्या सईला घेऊन वडिलांच्या घरी राहिल्या. आणि मग काय झाले? काहीही बुडाले नाही. संततिनियमनाच्या, त्या काळी ज्याचा उच्चारही चारचौघांत होत नसे अशा कामात त्यांनी स्वतःला वाहून घेतले. प्रभातच्या १९३७ सालच्या 'कुंकू'मध्ये त्यांनी केलेली भूमिका आजही पाहता येते. १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मुलीने आजोबांच्या छायेत वाढून मराठी आणि हिंदी चित्रपटांना जे दिले ते आपण जाणतोच. परदेशातील प्रेम फसले, तरी आयुष्य फसले नाही. कारण पुण्यात एक दार उघडे होते आणि दारातल्या माणसाने 'का आलीस?' असे विचारले नाही.

या तिन्ही कथा आम्ही एकापुढे एक ठेवल्या, त्याला कारण घरातच घडले. मधलीची नात नेदरलँड्समधील आइंडहोवनला एका कंपनीत अभियंता आहे. तिथल्याच एका डच तरुणाशी लग्न करण्याचा तिचा विचार आहे. मुलगा आम्ही पडद्यावर पाहिला. तो हसतमुख आहे, 'नमस्कार आजी' म्हणायला शिकला आहे, आणि भाकरी स्वतः थापतो असे नातीने सांगितले, ते खरे की कौतुकाचे, देव जाणे. घरातील पुरुषमंडळींनी फार आकांडतांडव केले नाही. काळ बदलला आहे, हे त्यांनाही कळते. पण याच सुमारास आमचे जुने घर पाडून तिथे खाली दुकाने आणि वर सदनिका बांधण्याचा प्रस्ताव आला. टॉवरच्या आसपास किती जुनी घरे अशी गेली, हे वाचक पाहतच आहेत. कागदपत्रे तयार होऊ लागली आणि त्यांत एक कागद निघाला: नातीने आपल्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र लिहून द्यावे. ती तिकडचीच होणार, तिला येथे काय करायचे आहे, रजिस्ट्रीच्या वेळी सहीसाठी कुठे शोधत बसायचे, असा युक्तिवाद. 'सही करून दे, मग लग्नाला आमचा आशीर्वाद आहे,' असे थेट कोणी म्हणाले नाही. तथापि दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत, एकामागोमाग एक निघाल्या, हे आम्ही पाहिले.

नात दूरध्वनीवर म्हणाली, 'मला पैसे नकोत, आजी. देते सही.' मग थोडे थांबून तिने विचारले, 'तुम्ही तिघी एवढ्या लांब आलात. तुम्हांला कुणी विचारलं तरी होतं का?'

आम्हांला कोणी विचारले नव्हते. लग्नाच्या वेळी तर नाहीच, पण माहेरच्या हिश्श्याच्या वेळीही नाही. आम्हां तिघींच्याही माहेरी असले कागद आले आणि तिघींनी सह्या केल्या. भाऊ प्रेमळ होते, भाऊबीज येत होती, आणि सही न करणारी बहीण लोभी ठरे. २००५ सालच्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला. आमच्या सह्या त्याच्या फार आधीच्या. पैशाचे दुःख आम्हांला नाही. वाईचे घर विकले गेल्यावर थोरली कृष्णाकाठी गेली होती. घाट होता, ढोल्या गणपती होता, पण रात्री उतरायला तिला धर्मशाळेत जावे लागले. कारंज्यात टाकलेल्या नाण्याने माणूस परत येतो की नाही, कोण जाणे. परत आलेल्याला उतरायला जागा लागते, हे मात्र निश्चित.

त्या अमेरिकन मुलींकडे परतीच्या बोटीचे पैसे होते. त्यांच्या प्रेमात जो हलकेपणा आहे, जी थट्टामस्करी आहे, तिचे मूळ आम्हांला त्यात दिसते. अनिता मायदेशी निघू शकते, म्हणून तिचे राहणे ही तिची निवड ठरते. जिला जाता येत नाही तिच्या राहण्याला निष्ठा म्हणावे की नाइलाज, हे तिला स्वतःलाही सांगता येत नाही. आम्ही तिघी पहिल्या वर्षांत ज्या राहिलो त्या नाइलाजाने राहिलो. पुढे कधीतरी, नेमके कधी ते सांगता येणार नाही, आम्ही राहू इच्छू लागलो. तो बदल सुखाचा होता. पण तो होईपर्यंतची वर्षे कोणा मुलीच्या वाट्याला येऊ नयेत, असे आमचे मत आहे.

म्हणून आम्ही घरात आमचे म्हणणे मांडले. डच जावई चांगला की वाईट, हे आम्हांला ठरविता येत नाही. उज्जैनचा वा पुण्याचा असता तरी आले नसते. आम्ही नातीला तीनच गोष्टी सांगितल्या. तिथली भाषा अशी शिक की तुला तीत भांडता आले पाहिजे. केवळ बाजारहाट करता आली तर पुरणार नाही. आपली मिळकत आपल्या नावावर ठेव. आणि सही करू नकोस. पुरुषमंडळींना सांगितले की, नव्या इमारतीत एक सदनिका, लहान असली तरी चालेल, घरातील लेकींच्या नावे राहील. कोणतीही लेक, कोठूनही, कोणत्याही कारणाने आली तरी किल्ली तिची. थोरलीचे नाव तिच्या यजमानांच्या पश्चात वारस म्हणून कागदावर आहे. हे मान्य होत नसेल तर बांधकामाच्या करारावर तिची सही होणार नाही, हेही तिने शांतपणे सांगितले. वयाची ऐंशी वर्षे जवळ आलेल्या बाईने एवढे बोलावे, याचे सर्वांना आश्चर्य वाटले. आम्हां दोघींना वाटले नाही.

लेख लिहून होईपर्यंत निर्णय झालेला नाही. बोलणी चालू आहेत, थोडी कटुताही आली आहे. धाकट्या दिरांनी आठ दिवस आमच्याकडे चहा घेतला नाही. 'मुलींना द्यायचे नाही असे नव्हे, पण परक्या देशात गेलेल्या मुलीला...' हे वाक्य ते अर्धे सोडतात. आम्ही त्यांना इतकेच म्हणतो की, भावजी, याच घराण्याचा मूळ पुरुष देश सोडून परक्या मुलखात आला होता, आणि त्याच्या मागे गावाकडच्या वतनात त्याचा हिस्सा पिढ्यान्‌पिढ्या चालू होता, हे आपणच गणपतीत मुलांना अभिमानाने सांगता. जो नियम शिंद्यांच्या स्वारीबरोबर निघालेल्या तरुणाला लागू झाला, तो विमानाने गेलेल्या मुलीला का लागू होऊ नये?

चित्रपटातील ते कोरडे कारंजे आम्हांला वारंवार आठवते. आपली क्षिप्राही अशीच उन्हाळ्यात कोरडी पडे. २०१४ साली नर्मदेचे पाणी नळांतून वर चढवून तिच्यात सोडण्यात आले आणि २०१६ च्या सिंहस्थात लाखो लोकांनी रामघाटावर स्नान केले ते याच पाण्यात. ज्या नर्मदेपाशी आम्ही परत जायला मिळावे म्हणून मनोमन बोललो होतो, ती नर्मदाच आमच्या मागून या गावी आली. आता घाटावर मुले दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात आणि भाविकांनी टाकलेली नाणी गोळा करतात. नव्या पोलादी नाण्यांना चुंबक धरतो. आमच्या काळच्या नाण्यांची गोष्ट निराळी. ती नर्मदेच्या तळाशीच असतील, आणि तिथेच असू द्यावीत. नातीसाठी नाण्यावर विसंबावे असे आम्हांला वाटत नाही. तिच्या हाती किल्ली असलेली बरी.